जीपीएस तुमची जागा कशी काढतं, कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा

आधी एक गैरसमज काढून टाकू. फोन सॅटेलाइटला काहीच पाठवत नाही, तुम्ही कुठे आहात हे सॅटेलाइटला माहितीच नसतं. तो फक्त वरून सतत सांगत राहतो की मी अमुक नंबरचा, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत आणि माझी कक्षा अशी अशी आहे, बाकी सगळा हिशोब फोनमधली चिप करते. म्हणून नेट बंद असलं, सिम काढलेलं असलं तरी मोकळ्यावर लोकेशन मिळतं, फक्त नकाशा लोड होत नाही.

आता अंतर कसं मोजायचं. जीपीएसचे सॅटेलाइट साधारण 20,200 किलोमीटर वर असतात, रेडिओ लहर सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर जाते, म्हणजे अगदी डोक्यावरच्या सॅटेलाइटचा सिग्नल यायला सुमारे 67 मिलीसेकंद लागतात. हा वेळ मोजायला प्रत्येक सॅटेलाइटचा स्वतःचा 1023 तुकड्यांचा एक कोड असतो, तो दर मिलीसेकंदाला परत सुरू होतो. चिप तोच कोड स्वतः तयार करते आणि आलेल्या सिग्नलवर मागे-पुढे सरकवत बसते, जिथे जुळला तिथे किती सरकवावा लागला ते कळलं. सगळे सॅटेलाइट एकाच 1575.42 मेगाहर्ट्झवर बोलत असतात आणि सिग्नल खरखरीच्याही खाली दबलेला असतो, तरी कोड वेगळे असल्यामुळे प्रत्येकाचा आवाज वेगळा काढता येतो, मला हे आजही कमाल वाटतं.

पण खरी अडचण घड्याळाची. सॅटेलाइटवर अणुघड्याळ आहे, फोनमध्ये साधा क्रिस्टल, आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 300 मीटर. मग फोनचं घड्याळ बरोबर कोण करणार? तर सॅटेलाइटच. हे डोक्यात बसायला कॅल्क्युलेटर घ्या आणि क्षणभर सगळं जग एका सरळ रेषेवर आहे असं समजा.

रेषेच्या डाव्या टोकाला सॅटेलाइट अ, उजव्या टोकाला ब, दोघांत 40,000 किलोमीटर, तुम्ही मध्ये कुठेतरी. फोनने मोजलं: अ पासून 21,300, ब पासून 19,300. बेरीज करा, 40,600 येते. ती 40,000 च यायला हवी होती, म्हणजे 600 जास्त, आणि चूक फोनच्या एकाच घड्याळाची असल्यामुळे ती दोन्ही अंतरांत सारखीच शिरलेली आहे, म्हणजे प्रत्येकी 300. वजा करा, 21,000 आणि 19,000, ही तुमची खरी जागा. आणि 300 किलोमीटर म्हणजे फोनचं घड्याळ 1 मिलीसेकंद पुढे आहे हेही फुकटात कळलं!

रेषेवर एक सॅटेलाइट जागेसाठी आणि एक घड्याळासाठी लागला. खऱ्या जगात जागेचे तीन आकडे आणि घड्याळाचा एक, म्हणून कमीत कमी चार सॅटेलाइट लागतात. तीनवर भागतं असं बरेच जण सांगतात, ते घड्याळ विसरतात. चार समीकरणं चिप एका झटक्यात सोडवत नाही, आधी एक अंदाज धरते (पृथ्वीच्या मध्यापासून सुरुवात केली तरी चालतं), तिथून अंतरं किती यायला हवीत ते काढते, मोजलेल्याशी फरक बघते, अंदाज सरकवते, परत तेच. थोड्याच फेऱ्यांत उत्तर स्थिर होतं.

जाता जाता, वरची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून त्या घड्याळांची 10.23 मेगाहर्ट्झची मूळ फ्रिक्वेन्सी जमिनीवरच किंचित कमी लावून मग वर पाठवतात.

आता प्रत्यक्षात चांगलं लोकेशन हवं असेल तर काय करायचं. सॅटेलाइटच्या कक्षेची नेमकी माहिती सेकंदाला फक्त 50 बिट या गतीने येते आणि दर 30 सेकंदांनी परत सांगितली जाते. नेट असेल तर फोन ती तिकडून उचलतो आणि काही सेकंदांत लोकेशन देतो, पण नेट नसेल आणि फोन बराच वेळ बंद होता, तर मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं शांत उभे राहा, कारण मध्येच भिंतीआड गेलात आणि बिट तुटले की पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. भिंतीपासून लांब राहा, काचेच्या उंच बिल्डिंगवर आपटून आलेला सिग्नल जास्त अंतर कापून येतो आणि तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो.

सॅटेलाइट दाखवणारं एखादं ॲप टाकलंत तर नुसती संख्या बघू नका, ते आकाशात पसरलेत का बघा. सगळे एकाच कोपऱ्यात गोळा झालेले असले तर दहा असूनही उत्तर डळमळतं, आणि एचडीओपी नावाचा आकडा हेच सांगतो, 1 च्या आसपास असला तर उत्तम.

उंचीवर मात्र फार विसंबू नका. सगळे सॅटेलाइट वरच असतात, पायाखालच्या बाजूने एकही नाही, त्यामुळे उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा जास्तच येते. शिवाय काही ॲप्स समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची दाखवतात, काही ठिकाणी हा फरक 100 मीटरच्या जवळ जातो, तेव्हा आकडा लिहून घ्यायच्या आधी सेटिंगमध्ये कुठली उंची निवडलीय ते तपासा.