शेतातल्या रिसेप्शनला नाचायची जागा
बेळगाव-खानापूरकडे भात कापून झालं की मोकळ्या शिवारात रिसेप्शन झकास होतं. पण नुसत्या शेतात नाचू नका. धसकटं पायात घुसतात, धुरळ्याने गाणाऱ्यांचा घसा बसतो. मळणीसाठी खळं करतात तशीच जागा करा. चार-पाच दिवस आधी धसकटं खणून काढा, पाणी मारा, वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावरच, रोलर फिरवा (ओल्यात फिरवला तर माती त्यालाच चिकटते), मग शेणाने सारवून वाळू द्या. पन्नास जणांना २५ बाय २५ फूट पुरे.

दवाने हलगीचं कातडं सैल पडतं, शेकायला शेगडी हवीच. साउंडच्या मिक्सरवर छत घाला. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी असते, म्हणून नाच ७ लाच सुरू करा, जेवणं मागाहून.