एक्सायटॉन सुपरफ्लुइडवर सेमिनार देताय? या चुका टाळा

शिवाजी विद्यापीठात किंवा आसपासच्या कॉलेजात एमएस्सी सेमिनारला हा विषय घेतला असेल, तर रिपोर्ट राजारामपुरीत स्पायरल बाइंडिंगला टाकण्याआधी एवढं तपासाच. एक्सायटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची जोडी, आणि सुपरफ्लुइड म्हणजे या जोड्या एका तालात, विरोधाशिवाय वाहतात ती अवस्था.

सगळ्यात मोठा घोळ तापमानाचा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात एक्सायटॉनची बंधन-ऊर्जा काहीशे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा जेमतेम 26. झालं, स्लाइडवर लगेच ‘रूम टेंपरेचर सुपरफ्लुइड’! अहो, बंधन-ऊर्जा सांगते ती इलेक्ट्रॉन-होलची जोडी टिकेल एवढंच. खासबागेच्या कुस्ती मैदानात प्रत्येक जोडी घट्ट भिडलेली असते, म्हणून सगळ्या जोड्या एका तालात हलत नाहीत.

अशा पातळ, द्विमितीय थरात सुपरफ्लुइड व्हायला अट लागते ती कोस्टरलिट्झ-थाउलेस संक्रमणाची (दोघांना हाल्डेनसह 2016 चं नोबेल). तिथं तापमान ठरतं सुपरफ्लुइड घनता आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तरावर. वहीत हिशेब करा: चौरस सेंटीमीटरला 10¹² एक्सायटॉन, प्रत्येकाचं वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनएवढं, आणि सगळेच सुपरफ्लुइडमध्ये आहेत असं धरलं, तरी उत्तर येतं सुमारे 14 केल्विन. घनता वाढवू म्हणाल, तर एका मर्यादेपुढे जोड्याच फुटतात आणि उरतो सुट्या इलेक्ट्रॉन-होलचा प्लाझ्मा.

आकृतीत एकच थर काढू नका. त्यातले एक्सायटॉन पिकोसेकंदांत प्रकाश टाकून संपतात. इलेक्ट्रॉन एका थरात, होल दुसऱ्यात आणि मध्ये बोरॉन नायट्राइडचा विद्युतरोधक थर, अशी रचना दाखवा. आयुष्य कितीतरी वाढतं.

कंडेन्सेट (अनेक एक्सायटॉन एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होणं) दिसला की सुपरफ्लुइड सिद्ध झाला, हेही लिहू नका. 2019 मध्ये कॉर्नेलच्या गटानं मॉलिब्डेनम आणि टंगस्टन डायसेलेनाइडच्या थरांत सुमारे 100 केल्विनपर्यंत कंडेन्सेशनच्या खुणा दाखवल्या. पण त्यांनी मोजला तो बाहेर पडणारा प्रकाश. सुपरफ्लुइड म्हणायला प्रवाह मोजावा लागतो, आणि एक्सायटॉन तर विद्युतदृष्ट्या उदासीन!

म्हणून दोन्ही थरांना वेगवेगळे कॉन्टॅक्ट देतात. एकातून प्रवाह सोडल्यावर दुसऱ्यात तेवढाच उलटा प्रवाह निघाला, तर तो परफेक्ट ड्रॅग. परीक्षक नेमके इथंच पकडतात, आणि बरोबरच करतात: जोड्या धक्के खात चालल्या तरी ड्रॅग परफेक्ट येऊ शकतो. विरोध शून्य झाला का, हे काउंटरफ्लोमध्ये (दोन थरांत उलट दिशांना सारखाच प्रवाह सोडून) वेगळं मोजायचं, तेही चार प्रोबनं, म्हणजे प्रवाहाला आणि व्होल्टेजला वेगवेगळे कॉन्टॅक्ट देऊन. नाहीतर कॉन्टॅक्टचाच रेझिस्टन्स आलेखात येऊन बसतो.