कॅन्सरमधून उठलात, आता दुसऱ्याला हात द्यायचाय? मग या चुका टाळा

"शेवटची किमो होऊन तीन आठवडे झालेत. मला लगेच पेशंट द्या." असा फोन आमच्या गटाला, म्हणजे कॅन्सरमधून बरे होऊन आता इतर रुग्णांना भेटणाऱ्यांच्या गटाला, महिन्यातून एकदा तरी येतोच. पेशंट द्या! जसे काही आम्ही कपाटात रचून ठेवलेत. मी एकच विचारते, "तुमचं पुढचं स्कॅन कधी आहे?" पलीकडचा आवाज एकदम बारीक होतो. मग मी सांगते, वर्षभर थांबा. फॉलो-अपच्या दोन-तीन फेऱ्या होऊ देत, झोपेची घडी बसू दे, मग या. काही जण रागावून फोन ठेवतात.

त्यांचा राग मला कळतो, कारण मी स्वतः कुणाचं न ऐकता चौथ्या महिन्यातच गेले होते. किमो देतात त्या डे-केअरमध्ये पाय ठेवला, स्पिरिटचा वास आला आणि मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. बाहेर आले तर जिला धीर द्यायला गेले होते तीच एका हातानं सलाइनचा स्टँड ढकलत, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन माझ्यासाठी उभी. उपचार संपले तरी शरीर ते वास विसरत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

मदत करावीशी वाटणं खोटं नसतं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरिस लॅसर यांचं स्तन काढलं गेलं. पुढे हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, कुणीच सांगेना, म्हणून बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर बायकांना भेटू लागल्या. व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, शिवाय तात्पुरता कृत्रिम स्तन असं सामान बरोबर असायचं. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' उभं राहिलं आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते आपल्याकडे घेतलं. मला त्यांचा चेंडू फार आवडतो. त्या प्रवचन घेऊन गेल्या नाहीत, चेंडू घेऊन गेल्या.

१९६५ मध्ये फ्रँक रिसमन या अमेरिकन अभ्यासकानं एक गोष्ट मांडली. अशा मदतीत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यालाच अनेकदा जास्त फायदा होतो. खरंय. मला आजारानंतर सकाळी अंथरुणातून उठायला कारण मिळालं ते याच कामामुळे. पण घोडं नेमकं इथंच पेंड खातं. फायदा आपल्याला होतोय हे विसरलं की समोरचा रुग्ण आपल्या गोष्टीचा श्रोता होऊन बसतो.

"मला पण असंच झालं होतं"

नव्या लोकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता दात शिवशिवतात. आणि या वाक्यानं सगळ्यात मोठा घोळ माझ्याच हातून झालाय.

कामाचं पहिलंच वर्ष होतं. रात्री साडेआठच्या सुमारास एका बाईंचा फोन आला. दुसरी किमो होऊन नऊ दिवस झाले होते. "ताई, अंग जरा गरम लागतंय, कणकण आहे." मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. म्हटलं, "अगं, मला पण व्हायचं. एक तापाची गोळी घे, पांघरूण घेऊन झोप, सकाळी छान वाटेल." ती बिचारी झोपली. गोळीनं ताप उतरला, म्हणून घरच्यांनाही काही वाटलं नाही. पहाटे तिला उठून बसवेना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब तळाला गेला होता. पाच दिवस आयसीयू. वाचली. मी भेटायला गेले तेव्हा ती डॉक्टरांना सांगत होती, "या ताईंनी फोनवर किती धीर दिला!" डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून विसरले नाही.

झालं काय होतं? बऱ्याच किमोंमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशींचे काऊंट सगळ्यात खाली जातात. जंतूंशी लढायला फौजच नसते. अशा वेळी १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडीची बाब. रात्रीचे साडेआठ असोत की पहाटेचे तीन, तेव्हाच दवाखाना गाठायचा. त्यात डॉक्टरांना न विचारता गोळी घेतली की ताप दबतो आणि एकुलती एक धोक्याची घंटाही बंद होते. माझ्या वेळी मला किमोच्या दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन मिळायचं आणि औषधंही वेगळी होती. तिच्या फायलीत काय लिहिलंय हे मी विचारलंही नव्हतं. माझं अंग तापायचं तेव्हा काही झालं नाही, ही माझी अक्कल नव्हती, नशीब होतं.

शिवाय "माझाही स्तनाचाच" म्हणजे तोच आजार, असंही नाही. एकीची गाठ हार्मोनवर वाढणारी असते, तिला पाच ते दहा वर्षं गोळ्या. दुसरीची हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेली, तिला वेगळी इंजेक्शनं. तिसरीला यातलं काहीच लागू नाही. नाव एक, आजार तीन.

तेव्हापासून माझ्या फोनजवळ एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर तीन प्रश्न: थर्मामीटर लावला का? किती आला? किमोला किती दिवस झाले? आणि खाली एक वाक्य: "मी फोन ठेवते, तुम्ही आत्ता दवाखान्याला लावा." नव्या स्वयंसेवकांना मी हा पुठ्ठा स्वतःच्या अक्षरात लिहून आणायला लावते. फोटो काढून चालत नाही. "मॅडम, पाठ आहे आम्हाला," म्हणणाऱ्यांना तर मुद्दाम दोनदा.

दुसरी सवय म्हणजे पहिल्या भेटीत 'मी' किती वेळा म्हटलं ते मोजणं. मोबाइलमध्ये नाही, घरी आल्यावर वहीत रेघा ओढायच्या. दहाच्या वर गेल्या तर ती भेट माझी झाली, तिची नाही. कुणी विचारलं, "तुम्हाला काय झालं होतं?", तर सांगा ना, पण दोन वाक्यांत. आणि लगेच प्रश्न परत तिच्याकडे.

"पॉझिटिव्ह राहा, निम्मी लढाई तिथंच जिंकता"

हे कोण शिकवतं देव जाणे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञांच्या अभ्यासात, पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ज्या बायका आधारगटात येत होत्या त्या जास्त जगल्या असं दिसलं होतं. त्याचा भरपूर बोलबाला झाला. पण २००१ मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि २००७ मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही एकूण तसा फायदा आढळला नाही. कॅनडाच्या अभ्यासात मन हलकं झालं, दुखण्याचा त्रास कमी वाटला, आणि हे काही थोडं नाही. आपण देऊ शकतो ते एवढंच. आयुष्याची वर्षं आपल्या खिशात नसतात.

ज्यांचा आजार उलटतो त्यांना हे वाक्य कसं लागतं ते मी पाहिलंय. एकीनं मला विचारलं होतं, "मी मधे मधे रडायचे, म्हणून परत आला का?" तिच्या डोक्यात हे कुणी घातलं? आपल्यासारख्याच एका बऱ्या झालेल्या माणसानं. मी तेव्हा "नाही, रडण्यानं येत नाही" एवढंच म्हणाले. मग बराच वेळ आम्ही दोघी खिडकीबाहेरच्या गाड्या बघत बसलो. नव्या लोकांना गप्प बसणं सगळ्यात जड जातं. शांतता झाली की त्यांना वाटतं आपण नापास झालो, आणि ते सुविचार काढतात. हात खिशात घाला, तोंड मिटा, तिला बोलायचं असेल तर ती बोलेल.

'लढाई', 'योद्धा' वगैरे शब्द रुग्णानं आधी वापरले तर वापरा, नाहीतर नको. काहींना ते बळ देतात. काहींना वाटतं, मी मेलो तर मी हरलो म्हणायचं का?

बाकीच्या चुका झटपट सांगते.

स्टेज विचारू नका. सांगायची असेल तर सांगतील.

रिपोर्ट हातात दिला तरी त्याचा अर्थ सांगू नका. "डॉक्टरांना यातलं काय काय विचारायचंय, लिहून काढू या," म्हणा आणि कागद-पेन काढा. मला तरी हा उपाय कधी फसलेला आठवत नाही.

"माझे केस बघ किती दाट आलेत" हे कौतुक आरशासमोर करा. डोक्याला जास्त मात्रेचं रेडिएशन झालेल्यांचे काही वेळा परत येतच नाहीत.

औषधं, पूरकं, रस सुचवायचे नाहीत. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ग्रेपफ्रूटसारख्या फळाच्या रसानंसुद्धा कॅन्सरच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतं.

नातेवाइकांशी रुग्णाच्या डोक्यावरून बोलू नका. तो तिथंच बसलेला असतो आणि त्याला ऐकू येतं.

फोटो नाही. "चेहरा झाकून टाकते" तरी नाही.

उपचार संपल्याची घंटा वाजवायला बोलावलं तर आधी आजूबाजूला बघा. ही प्रथा १९९६ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर रुग्णालयात एका नौदल अधिकाऱ्यानं सुरू केली. कल्पना गोड आहे. पण शेजारच्या खुर्चीवर जिचे उपचार कधीच संपणार नाहीत अशी बाई बसलेली असू शकते. मी टाळ्या वाजवते, पण उभी राहते ती तिच्याजवळ.

थकवा लपवणं

ही चूक नव्यांची नाही, आमच्यासारख्या जुन्या खोडांची. एका पावसाळ्यात माझे तीन पेशंट गेले, आणि चौथीच्या पहिल्या भेटीत मी तिचं नाव दोनदा चुकवलं. तिसऱ्या वेळी तिनंच हळूच सांगितलं. घरी येऊन वही उघडली, तर त्या महिन्यातल्या भेटींच्या नोंदीच नव्हत्या. आता नियम केलाय: कुणी गेलं की दोन आठवडे नवीन भेट घ्यायची नाही. आणि माझी स्वतःची तपासणी असते तो पंधरवडा पूर्ण सुट्टी, कारण तेव्हा समोरच्याच्या प्रत्येक खोकल्यात मला माझा रिपोर्ट ऐकू येतो. कुणी म्हणतं, इतकी वर्षं झाली, अजून भीती वाटते? वाटते. गटातल्या समुपदेशक बाईंकडे मीही जाऊन बसते. हे नव्यांना सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. मनातली 'खंबीर ताई' ढासळते ना.

आणि हो, भेटीला जाताना अत्तर, परफ्यूम, वासाचं तेल काही लावू नका. माझी किमो चालू असताना एक बाई भेटायला आल्या होत्या, त्याही कॅन्सरमधूनच बऱ्या झालेल्या. तासभर बोलल्या. चांगलंच बोलल्या असणार. माझं सगळं लक्ष अत्तराची पुढची लाट कधी येते आणि बेसिन किती पावलांवर आहे, याच्याकडे होतं.