मोटरहोमच्या ब्रेकचे काम: सुटे भाग आणि मापे कशी मिळवावीत

मोटरहोमच्या ब्रेकचे काम निघाले की बहुतेक मालक आधी गॅरेज शोधतात. माझ्या मते पहिले काम मोजमापाचे आणि नोंदी करण्याचे आहे, कारण म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात जाऊन ‘कॅरॅव्हॅनचे ब्रेक पॅड हवेत’ असे सांगितल्यास दुकानदाराला त्यातून काहीच उमगत नाही. कॅरॅव्हॅन ही वरची बॉडी झाली; ब्रेक असतात ते खालच्या चॅसीचे, आणि नेमके सांगायचे तर ज्या ॲक्सलवर (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या आसावर) ते बसवले आहेत त्या ॲक्सलचे. आपल्याकडची मोटरहोम बहुधा फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर किंवा एखाद्या मिनीबसच्या चॅसीवर बांधलेली असते. आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी आली तरी चाकांमागचे सामान मूळ गाडीचेच राहते.

म्हणून सुरुवात 17 अक्षरांच्या चॅसी क्रमांकापासून करावी आणि तो आरसी बुकातून न उतरवता गाडीवर कोरलेला वाचावा. अधिकृत विक्रेत्याच्या पार्ट काउंटरवर या क्रमांकावरून मूळ भागांचे क्रमांक मिळतात. सोबत निर्मितीचा महिना व वर्ष, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर), मागचे टायर सिंगल आहेत की डबल, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे की नाही, हेही लिहून न्यावे. ट्रॅव्हलरच्या नावापुढचे 3350 किंवा 4020 हे आकडे व्हीलबेस मिलिमीटरमध्ये सांगतात. पॅडच्या बाबतीत त्याने फरक पडला नाही तरी हँडब्रेकच्या केबलची लांबी त्यावर ठरते.

त्यानंतर चाके काढून प्रत्यक्ष भाग पाहावेत. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, पुढची-मागची चाके अडवावीत आणि केवळ जॅकच्या भरवशावर न राहता स्टँड लावावेत. इतक्या जड गाडीखाली याला पर्याय नाही. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे धूळ हवेच्या प्रेशरने न उडवता ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी.

डिस्कच्या (पॅड जिला दाबतात त्या चकतीच्या) कडेला किंवा मधल्या भागावर बहुधा किमान जाडी कोरलेली असते, तर ड्रमवर कमाल व्यास असतो. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने, कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर आत, चार-पाच ठिकाणी मोजावी. साध्या व्हर्नियरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकतात आणि झिजलेली डिस्कही जाड दाखवतात. ड्रमचा व्यास एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी घ्यावा, म्हणजे तो अंडाकृती झाला आहे का ते कळते. लेथवर टर्निंग केल्यानंतरही माप कोरलेल्या मर्यादेच्या आत राहणार असेल, तरच टर्निंग करावे.

मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा भाग) हा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बाहेरून सारखेच दिसणारे, त्याच बोल्टवर बसणारे दोन सिलिंडर बोअरने, म्हणजे आतल्या व्यासाने, वेगळे असू शकतात. 19.05 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच बोअरच्या जागी 22.22 मिलिमीटरचा सिलिंडर बसला, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 36 टक्क्यांनी वाढते आणि तेलाचा दाब तितकाच असताना लायनरवरचा जोरही तेवढाच वाढतो. त्यामुळे मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक होतात, आणि पावसात ओल्या घाटरस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरतो. बोअर बहुधा सिलिंडरच्या अंगावर कोरलेला असतो. नसल्यास सिलिंडर उघडून मोजावा. ‘हाच बसतो’ या आश्वासनावर भाग घेऊ नये.

असाच घोटाळा पाइपांच्या जोडांत होतो. एम10 बाय 1 हा मेट्रिक आटा आणि तीन अष्टमांश इंचाचा 24 आट्यांचा नट डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात, पण चुकीचा नट जोराने आवळला की सिलिंडरचा आटा कायमचा जातो. पाइपाच्या टोकाचा फ्लेअरही (पसरवलेली कडाही) दुहेरी दुमडलेला आहे की फुगीर आहे, ते पाहावे. जुना तुकडा नटासह दुकानात न्यावा, हे उत्तम. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या लोखंडी पाइपांना खाऱ्या हवेने क्लिपांखाली गंज चढतो, म्हणून प्रत्येक क्लिप सोडवून पाहावी.

मोटरहोममध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला, भाराप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असतो. बॉडी बांधताना मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकले असतील तर चॅसी वर उचलली जाते, वॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. अशा गाडीला कितीही चांगले लायनर बसवले तरी पुढचेच पॅड भराभर झिजत राहतात. हा वॉल्व्ह कंपनीच्या मॅन्युअलनुसार नव्याने जुळवून घ्यावा.

वजनही मोजून घ्यावे. पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सामान भरून, माणसे बसवून, चिऱ्यांच्या किंवा रेतीच्या ट्रकांसाठी असलेल्या वजनकाट्यावर आधी पुढचा आणि मग मागचा ॲक्सल वेगळा मोजावा आणि उत्पादकाने गाडीवर लावलेल्या प्लेटवरच्या मर्यादेशी ताडून पाहावा. नुसते शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. मर्यादा ओलांडलेली असेल तर ब्रेक सुधारण्याआधी वजन उतरवावे.

आता खरेदी. ट्रॅव्हलर आणि विंगरचे पॅड, रबर किट व होज (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्या) गोव्यातील मोठ्या शहरांत मिळण्यासारखे आहेत. एअर ब्रेकची मोठी चॅसी असेल तर साखळी, उसगाव, कुडचडे या खाणपट्ट्यात विचारावे, कारण तिथल्या टिपर ट्रकांनी हे सामान आणि लायनर रिव्हेट करणारे कारागीर टिकवून ठेवले आहेत. मात्र एअर ब्रेकचा स्प्रिंग चेंबर स्वतः कधीही उघडू नये. आतली दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. इथे न मिळणारा भाग बेळगाव किंवा कोल्हापूरहून मागवता येतो, पण पार्ट नंबर लिहून पाठवल्याशिवाय मागवू नये.

पॅड आणि लायनर राणे, ब्रेक्स इंडिया, सुंदरम ब्रेक लायनिंग्ज, अलाइड निप्पॉन अशा ओळखीच्या उत्पादकांचे घ्यावेत आणि एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड किंवा लायनर एकाच संचातून बदलावेत. पॅडच्या कडेवर एफएफ किंवा जीजीसारखी अक्षरे असली, तर पहिले अक्षर थंड स्थितीतील आणि दुसरे तापलेल्या स्थितीतील घर्षणाचा गट दाखवते. ‘ई’ हा 0.25 ते 0.35, ‘एफ’ हा 0.35 ते 0.45 आणि ‘जी’ हा 0.45 ते 0.55 असा गट आहे. घाटात उतरणाऱ्या जड गाडीसाठी दुसरे अक्षर मी आधी पाहतो. तरीही मूळ पॅडपेक्षा वेगळा गट फक्त एकाच ॲक्सलला लावू नये, कारण त्याने पुढचा-मागचा तोल बिघडतो. होज आणि रबर किटवरची निर्मितीची तारीख वाचावी आणि वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला माल परत करावा.

ब्रेक ऑइल डॉट 3 की डॉट 4, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. कोरड्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, तर डॉट 4 चा 230 असतो; 3.7 टक्के पाणी शोषल्यावर हेच आकडे 140 आणि 155 पर्यंत येतात. आपल्या दमट हवेत उघडा राहिलेला डबा पाणी ओढतो, म्हणून लहान सीलबंद डबे घ्यावेत आणि उरलेले तेल पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. सिलिकॉनचे डॉट 5 यात कधीही मिसळू नये.

हरमल-मोरजी किंवा आगोंदला युरोपातून आलेली फियाट डुकाटो वा मर्सिडीज स्प्रिंटर दुरुस्तीला आली, तर कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) कोरलेले उत्पादकाचे नाव आणि पॅडच्या पाठीवरचा, पॅडचा आकार ओळखण्याचा पाच अंकी डब्ल्यूव्हीए क्रमांक टिपावा. डुकाटो, प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जम्पर या मुळात एकाच घडणीच्या गाड्या असल्याने भाग तिन्ही नावांनी शोधता येतो. मात्र जड आणि हलक्या आवृत्त्यांचे ब्रेक वेगळे असू शकतात, म्हणून प्लेटवरची ॲक्सल-क्षमता आधी वाचावी.

नवे भाग बसवल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. रिकाम्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून हलके ब्रेक लावत, मधे थंड होऊ देत, पॅड बसू द्यावेत. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हब मोजावेत. एकाच ॲक्सलच्या दोन बाजूंत ठळक फरक दिसला तर अडकलेला कॅलिपर, सिलिंडर किंवा हँडब्रेकची केबल शोधावी, आणि तो दूर होईपर्यंत चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वाटेला जाऊ नये.