नॉक सेन्सर बदलताय? आधी या चुका टाळा

मागच्या मे मधली गोष्ट. माझ्या पेट्रोल गाडीची चेक लाईट लागली, स्कॅनर लावला तर पी०३२५, म्हणजे नॉक सेन्सरच्या (इंजिन ठोकतंय का ते ओळखणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा कोड. ज्या मिस्त्रीकडं गाडी टाकली त्यांनी कोड वाचला, सेन्सर बदलला, पैसे घेतले आणि बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढेस्तोवर लाईट परत लागली. सेन्सर नवा कोरा अन् कोड तोच! घरी येऊन स्वतःच टॉर्च घेऊन बघितलं तर कपलरपासून (वायर जिथं सेन्सरला जोडतात त्या सॉकेटपासून) वीतभर अंतरावर वायर उंदरानं कुरतडलेली, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. म्हणजे जुना सेन्सर बहुतेक चांगलाच होता.

पहिली चूक हीच, कोड बघून थेट पार्ट विकत आणायचा. पी०३२५ असो, ०३२७ असो नाहीतर ०३२८, हे कोड एवढंच सांगतात की सिग्नल नीट येत नाही, सेन्सर मेला असं ते सांगत नाहीत. आपल्याकडं तर सोयाबीन निघालं, तूर निघाली की शेतातले उंदीर घराकडं येतात आणि बोनेटखालची ऊब त्यांना लै आवडते, त्यामुळं आधी कपलर काढून पिना बघा, पाणी गंज आहे का बघा, मग वायर बोटानं चाचपत शेवटपर्यंत जा. आणि वायर तुटलेली सापडली तर साध्या वायरचा तुकडा पिळून वर टेप मारू नका. या सेन्सरचा सिग्नल फार बारीक असतो म्हणून बऱ्याच गाड्यांत वायरवर जाळी असते, ती जाळी तुटली की इग्निशनचा डिस्टर्बन्स त्यात घुसतो आणि गाडी उगाच चुकीचं वागते.

सेन्सरचं काम तसं सोपं आहे. आत पिझो क्रिस्टल असतो, इंजिनचा ब्लॉक थरथरला की त्यातून व्होल्टेज निघतं. प्लगची ज्योत पोचायच्या आधीच पेट्रोल आपोआप भडकलं, म्हणजे इंजिन ठोकलं, यालाच नॉक म्हणतात, की ब्लॉकमध्ये साधारण ६-७ हजार हर्ट्झच्या आसपास थरथर उठते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ती पकडतो आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागं घेतो. सिग्नलच गेला तर बहुतेक ईसीयू भीतीनं टायमिंग कायमचं मागं ठेवतात, म्हणून पिकअप मरतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. (डिझेलवाल्यांनी आपल्या गाडीच्या खडखडाटासाठी हा सेन्सर शोधत बसू नये, बहुतेक डिझेलला तो नसतोच.)

आता हा असतो कुठं. तीन-चार सिलिंडरच्या गाडीत बहुधा ब्लॉकच्या अंगाला, सिलिंडरांच्या मधोमध, इनटेक मेनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली लपलेला, वरून दिसत नाही. व्ही सिक्समध्ये (सहा सिलिंडर व्ही आकारात असलेल्या इंजिनात) बहुधा दोन असतात आणि बऱ्याचदा मेनिफोल्ड काढल्याशिवाय हातच पोचत नाही. इथं घाईत लोक ऑइल प्रेशरचा स्विचच खोलतात, तोही ब्लॉकवरच असतो ना, आणि मग ऑइल सांडतं. नॉक सेन्सर बहुतेक गाड्यांत चपट्या कडीसारखा असतो, मधून आरपार एकच बोल्ट. मेनिफोल्ड काढावा लागला तर पोर्टांत (इंजिनात हवा जायच्या भोकांत) स्वच्छ कापड कोंबा, एक नट आत पडला तर हेड उघडायची पाळी येईल, आणि बसवताना पॅकिंग नवी टाका, नाहीतर हवा खेचून दुसराच कोड येतो.

बसवताना सगळ्यात जास्त गडबड होते, इथं जरा थांबून वाचा. माझ्या गाडीत जिथं सेन्सर बसतो ती जागा मी बघितली तर गंज, जुना रंग आणि ऑइलचा चिकट थर, वरून कुणीतरी बोल्टखाली वॉशर घातलेला. थरथर लोखंडातून लोखंडात जायची असती, मधी असलं काही आलं की सिग्नल दबतो. बारीक एमरी पेपरनं जागा चकचकीत केली, वॉशर फेकला, सिलिकॉन लावलं नाही. मग टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर आला की 'टक्' वाजणारा पाना. कडीवाल्या सेन्सरला सहसा २० न्यूटन मीटरच्या आसपास लागतं, चाकाच्या नटाला साधारण १०० लागतात म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंच. आपले मिस्त्री अंगातली सगळी ताकद लावून आवळतात, ते चालत नाही, जास्त आवळला तर क्रिस्टलवर ताण येतो आणि ढिला ठेवला तर आवाजच पोचत नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि पाना 'टक्' वाजला की हात काढा. अजून एक, नवा सेन्सर हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नका, आत चीर गेली तरी बाहेरून कळत नाही.

एका वायरचे, आट्यांवर फिरवून बसणारे जुने सेन्सर असतात त्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्यांचं अर्थिंग त्या आट्यांतूनच जातं.

आणि ते जुगाड! कपलरमध्ये रेझिस्टर खुपसून लाईट बंद करून देणारे आहेत, स्वस्तात होतं म्हणून लोक खुशही होतात. मला याचा फार राग येतो. लाईट गेली पण ईसीयू बहिरा झाला, मग परभणीच्या ४२-४३ डिग्रीत एसी लावून, पाच माणसं बसवून टॉप गिअरला चढ चढताना इंजिन खरंच ठोकायला लागलं तर टायमिंग मागं घेणारं कुणी नाही. तशातच रिंगांमधली भिंत तुटते, पिस्टनला भोक पडतं. सेन्सरच्या पैशात मग पॅकिंगसुद्धा येणार नाही.

उलटी चूकही होते. इंजिन खरंच टिकटिक ठोकत असेल तर नवा सेन्सर टाकून ते थांबत नाही. तेव्हा कूलिंग बघा, पिस्टनवरचा कार्बन बघा, प्लग चुकीच्या नंबरचे आहेत का बघा, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतंय का बघा. कधी ढिला ब्रॅकेट नाहीतर हीट शील्ड खडखडत असते आणि सेन्सर त्यालाच नॉक समजतो.

सगळं झालं की कोड खोडून गाडी चांगली गरम होऊ द्या आणि लोड पडेल अशा चढावर न्या, नुसतं अंगणात रेस करून कळत नाही. माझी मी त्याच मांजरसुंब्याच्या घाटात दोनदा नेली, वर पोचल्यावर स्कॅनरला पेंडिंग कोडसुद्धा (लाईट लागायच्या आधी नोंदला जाणारा कोड) नव्हता.