सूर्यमालेचा प्रोजेक्ट करताय? मग त्या चार्टवर एवढा विश्वास नको (या चुका टाळा)

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सूर्यमालेचा चार्ट सगळ्यांनी पाहिलाय. डाव्या कोपऱ्यात पिवळाधमक सूर्य, आणि मग बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून असे आठ गोळे ओळीत, प्रत्येकात वीतभर अंतर. नावं आणि क्रम पाठ करायला चार्ट एकदम बेस्ट आहे, पण आपल्या डोक्यातले निम्मे घोळ त्याच चित्रातून आलेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कागदावर एवढी जागाच नसते त्यामुळे छापणारा अंतरं खातो, मग पोरं तेच बघून मॉडेल करतात आणि मोठी झाली की तेच डोक्यात ठेवून व्हॉट्सॲप फॉरवर्ड करतात.

सगळ्यात मोठी चूक: साईज आणि अंतर

1 सेंटीमीटर म्हणजे 1 लाख किलोमीटर असं धरा, गणित अगदी सोपं होतं. सूर्याचा व्यास साधारण 13.9 लाख किमी, म्हणजे 14 सेंटीमीटरचा कागदाचा गोळा. पृथ्वी किती? सव्वा मिलिमीटर, म्हणजे मोहरीचा दाणा! आणि ती मोहरी सूर्यापासून ठेवायची 15 मीटरवर. टेबल तिथेच संपलं, वर्गसुद्धा संपला. शुक्र पण मोहरीच, 11 मीटरवर. मंगळ खसखस, 23 मीटरवर, आणि बुध त्याहून बारीक, त्याला पेनाचं टिंबच द्या, 6 मीटरवर. गुरू म्हणजे छोटी काचेची गोटी, पण 78 मीटरवर. शनी काबुली चण्याहून थोडा मोठा, 143 मीटरवर, युरेनस आणि नेपच्यून दोन मिरे, एक 287 मीटरवर तर दुसरा 450 मीटरवर. चंद्र कुठे म्हणाल तर मोहरीपासून चार बोटंसुद्धा लांब नाही, 3.8 सेंटीमीटर. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा याच मापात 4000 किलोमीटरवर येतो, म्हणजे देशाच्याही बाहेर.

मग मॉडेल कसं करायचं? सरळ दोन भाग करा. टेबलावर फक्त साईज दाखवा (आणि खाली ठळक लिहा की अंतरं प्रमाणात नाहीत), आणि अंतरासाठी मुलांना ग्राउंडवर न्या, ओळीत उभं करून हातात मोहरी द्या. ग्राउंड छोटं असेल तर शनीपर्यंत तरी जा. 15 मीटरवर मोहरी घेऊन उभं राहिलं की बाकी काही समजवावं लागत नाही.

मॉडेलचे बाकी घोळ भराभर सांगतो. थर्माकोलच्या गोळ्यावर स्प्रे पेंट मारू नका, तो थर्माकोल खातो, खड्डे पडतात, पेट्रोलसारखा वास येणाऱ्या गमचं पण तेच, त्यामुळे पोस्टर कलर आणि साधा पांढरा गम वापरा. त्यापेक्षा कागदाच्या लगद्याचे गोळे बरे. सूर्याच्या आत जुना पिवळा बल्ब लावू नका, तापतो, एलईडी लावा. आणि एकाच मोटारीवर सगळे ग्रह गरागरा फिरवायचे हा प्रकार प्रदर्शनात हमखास दिसतो, त्यात सगळे एकाच वेगाने फिरतात! बुधाची फेरी 88 दिवसांत होते आणि नेपच्यूनला 165 वर्षं लागतात. वेगवेगळा वेग जमत नसेल तर मोटार नकोच, हाताने फिरवा आणि तोंडाने सांगा.

"उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते"

नाही हो. चार्टवर कक्षा तिरक्या बाजूने काढलेल्या असतात, त्या अंड्यासारख्या लांबट दिसतात, म्हणून हे डोक्यात बसतं. खरं तर पृथ्वीची कक्षा जवळपास गोलच आहे. सूर्याच्या सगळ्यात जवळ आपण जानेवारीच्या सुरुवातीला असतो (सुमारे 14.7 कोटी किमी), म्हणजे ऐन थंडीत, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला (15.2 कोटी किमी). ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय म्हणून.

याचा पुरावा आपल्याकडे फुकट मिळतो. मुंबईत 15-16 मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली गायब, तोच शून्य सावली दिवस, पुण्यात एक-दोन दिवस आधी. पुढे जूनमध्ये तर दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, म्हणजे सावली दक्षिणेला पडते, ढग नसतील तर नक्की बघा. जुलैच्या शेवटी पुन्हा शून्य सावली येते, पण तेव्हा ढग असतात म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, आणि आपला उकाडा मेमध्येच कळस गाठतो तोही त्याच ढगांमुळे.

यावरूनच व्हॉट्सॲपवरचा तो "अल्फेलियन"वाला मेसेज आठवला (खरा शब्द ॲफेलियन, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते ती जागा). उद्यापासून ऑगस्टपर्यंत थंडी वाजेल, सर्दी-खोकला होईल, कारण पृथ्वी सूर्यापासून लांब जातेय, एरवी 9 कोटी किलोमीटर असते ती आता 15.2 कोटी किलोमीटर जाणार, म्हणजे 66 टक्के जास्त! आता गंमत बघा. 15.2 हा आकडा किलोमीटरमधला बरोबर आहे. पण सरासरी अंतर आहे 15 कोटी किलोमीटर, म्हणजेच सव्वानऊ-साडेनऊ कोटी मैल. कोणीतरी मैलांचा आकडा ढोबळ करून उचलला, त्याला किलोमीटर चिकटवलं आणि वजाबाकी केली. खरा फरक सरासरीपेक्षा दीड-पावणेदोन टक्क्यांचा, आणि तोही दरवर्षी होतो. हा मेसेज आला तर ग्रुपवर भांडू नका, फक्त "मैल की किमी?" एवढं विचारा.

मंगळ चंद्राएवढा दिसणार (नाही दिसणार)

दर ऑगस्टला येतो हा. मूळ गोष्ट खरी होती, 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ 5.58 कोटी किमीवर आला होता, सुमारे 60 हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. तेव्हा माहिती अशी फिरली की 75 पट मोठं दाखवणाऱ्या टेलिस्कोपमधून मंगळ, नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसेल. फॉरवर्ड होता होता टेलिस्कोप गळाला, वर्ष गळालं, राहिला फक्त चंद्र. मंगळ कितीही जवळ आला तरी डोळ्यांना लालसर ठिपकाच दिसतो.

"ग्रहांची परेड" पण तशीच. ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आकाशात ते नेहमीच एका पट्ट्यात दिसतात. 2025 च्या सुरुवातीला संध्याकाळी शुक्र, गुरू, मंगळ, शनी एकत्र दिसले, मस्त होतं, पण एका रांगेत शिस्तीत उभे वगैरे नव्हते आणि त्याने भूकंपही होत नाही.

जवळचा तो गरम, हेही चूक

सगळ्यात गरम ग्रह बुध नाही, शुक्र आहे, साधारण 465 अंश सेल्सिअस, दिवसरात्र तेवढंच. बुधावर दिवसा 430 आणि रात्री उणे 180, कारण हवाच नाही म्हटल्यावर ऊब धरून कोण ठेवणार? शुक्राभोवती कार्बन डायऑक्साईडचं जाड पांघरूण आहे. वर तो उलटा फिरतो, स्वतःभोवती एक फेरी 243 दिवसांत आणि सूर्याभोवती 225 दिवसांत.

कडी फक्त शनीला नाहीत, गुरू, युरेनस, नेपच्यूनलाही आहेत, फिकट आहेत एवढंच. प्लूटो 2006 मध्ये प्रागच्या बैठकीत बटुग्रह झाला, आता तरी "नऊ ग्रह" लिहू नका, आणि पत्रिकेतले नवग्रह वेगळे, त्यात सूर्य-चंद्र धरतात, पृथ्वी नसते, आणि राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू, तिथे गोळा वगैरे काही नाही.

आदित्य सूर्यावर गेला का?

नाही गेला, जाणारही नाही. 2 सप्टेंबर 2023 ला निघालेलं इस्रोचं आदित्य-एल1 यान 6 जानेवारी 2024 ला एल1 बिंदूभोवती (सूर्य आणि पृथ्वीच्या मधली, यान थोड्या इंधनात टिकून राहतं अशी जागा) पोचलं, तो पृथ्वीपासून 15 लाख किमीवर, म्हणजे सूर्याच्या वाटेवरचा फक्त शंभरावा भाग. आपल्या मोहरीच्या मॉडेलमध्ये 15 सेंटीमीटर! तिथून ग्रहणं मध्ये न येता सूर्य सलग बघता येतो म्हणून ती जागा. त्यातली सूर्याचे अल्ट्राव्हायोलेट फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलीय, प्रोजेक्टमध्ये हे जरूर टाका.

आकाशात ग्रह सापडत नाहीये?

आधी मोबाईलचं कव्हर काढा. मॅग्नेटवालं फ्लिप कव्हर असेल तर ॲपचा कंपास भलतीकडे दाखवतो, मग फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवून कंपास पुन्हा सेट करा. बुध शोधताय तर सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी क्षितिजाजवळच, मध्यरात्री तो आणि शुक्र कधीच दिसत नाहीत. टेलिस्कोपमधून शनी धुरकट दिसत असेल तर आयपीस (डोळा लावतो ते भिंग) कमी पॉवरची लावा, जास्त पॉवरने हवेची थरथरच मोठी होते. आणि सूर्य बघायला एक्स-रेची फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच यातलं काहीच नको. ग्रहणाचा चष्मा घातलाय म्हणून दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं हे तर त्याहून वाईट, भिंगांनी गोळा झालेलं ऊन तो चष्मा जाळून थेट डोळ्यात जातं, त्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लागतो. फिल्टर नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि सूर्याकडे पाठ करून समोरच्या कागदावर प्रतिमा बघा.