कारखान्यातली बारीक धूळ आणि हार्टचा धोका: या चुका टाळा

कारखान्यात धुळीचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, आमच्याकडे दरवर्षी फुफ्फुसाची टेस्ट होते, सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. बरं, पण हार्टचं काय? धूळ म्हटलं की खोकला आणि दमा एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, फुफ्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात, तिथे सूज येते, त्या सुजेचा परिणाम रक्तात उतरतो, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. शिवाय ठोक्यांवर कंट्रोल ठेवणाऱ्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो तो वेगळाच, अमेरिकेत बॉयलर वेल्डिंगच्या कामगारांना मॉनिटर लावून हे तपासलंय. बाहेरच्या प्रदूषणाबद्दल हेच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००४ ला सांगितलं, २०१० ला आणखी ठामपणे सांगितलं. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या शेडमध्ये, मात्र अजून फक्त फुंकर मारायची टेस्ट.

आता चुका, आणि सुरुवात माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीपासून.

रिपोर्टमधला आकडा वाचायचा, युनिट नाही

एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये हवेचं सॅम्पलिंग झालं होतं, रिपोर्टमध्ये श्वासाबरोबर आत जाणारी धूळ ०.८. त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मोबाईलवर शहराची हवा बघितली, तिथे ८०. झालं, हिशोब लागला, बाहेर ८० आणि आत ०.८ म्हणजे आपल्या शॉपमधली हवा शंभरपट चांगली! हे चक्क नोटीस बोर्डावर लागलं, आणि आधीच कंटाळलेल्या पोरांनी मास्क काढून खिशात घातले, त्यांची तरी काय चूक, साहेबच सांगतायत. मोबाईलवरचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये होता आणि रिपोर्टमधला मिलिग्रॅममध्ये. ०.८ मिलिग्रॅम म्हणजे ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे आत बाहेरच्या साधारण दहापट. दोन्ही मोजमापं तंतोतंत एक नाहीत, रिपोर्टवाल्यात थोडे मोठे कणही धरतात, पण म्हणून दहापटीचं शंभरावा भाग होत नाही ना. मी सांगितलं तर उत्तर काय, "पण लिमिटच्या आत आहे की."

आहे ना लिमिटच्या आत. अमेरिकेतल्या ओशाचं, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार सुरक्षा खात्याचं, श्वासाबरोबर आत जाणाऱ्या साध्या धुळीचं लिमिट आठ तासांच्या सरासरीला ५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ला पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी सुचवली ५ मायक्रोग्रॅम. एक आकडा निरोगी कामगाराच्या शिफ्टसाठी, दुसरा लहान मुलं-म्हातारे धरून वर्षभर, चोवीस तास श्वास घेणाऱ्या सगळ्यांसाठी, त्यामुळे सरळ तुलना होत नाही हे मला पण कळतं. पण साध्या धुळीचं ते जुनं लिमिट हार्ट डोळ्यासमोर ठेवून ठरवलेलंच नाही, त्यामुळे लिमिटच्या आत म्हणजे हार्ट सेफ असा अर्थ काढू नका. माझी सवय अशी, रिपोर्ट हातात आला की आधी पेनाने प्रत्येक आकड्याशेजारी मायक्रोग्रॅम लिहायचे, मगच चर्चा. दोन मिनिटं लागतात, पण ती कोणाकडे नसतात, सगळ्यांना फक्त शेवटच्या पानावरचं "ओके" बघायचं असतं.

आणि हो, त्याच रिपोर्टसाठी सॅम्पलिंगचा पंप कुठे लावला होता, तर सुपरवायझरच्या केबिनजवळच्या खांबाला! खांब श्वास घेत नाही. पंप कामगाराच्या कमरेला आणि फिल्टर कॉलरला, नाकापासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत, आणि पूर्ण शिफ्ट. सर्व्हेच्या आदल्या रात्री शॉप धुऊन काढणाऱ्यांना तर काय बोलावं.

आठ तासांचं लिमिट बारा तासांना लावणं

ओव्हरटाईमला धूळ दीडपट आत जाते आणि शरीराला सावरायला सोळाऐवजी बाराच तास मिळतात. दोन्ही हिशोबात धरून लिमिट खाली आणा.

"आमचे जुने लोक बघा, ठणठणीत आहेत"

ठणठणीत आहेत म्हणूनच अजून कामाला आहेत हो! ज्यांना दम लागायला लागला, छातीत भरून यायला लागलं, ते कधीच हलक्या कामावर गेले नाहीतर सोडून गेले, ते तुम्हाला शॉपमध्ये दिसणार कसे? अमेरिकेतल्या अ‍ॅल्युमिनियम कामगारांवर मोठे अभ्यास झाले, त्यात हीच गोष्ट हिशोबात धरावी लागली. आणि स्मेल्टरपेक्षा, म्हणजे धातू काढणाऱ्या भट्टीच्या विभागापेक्षा, जिथे धूळ बरीच कमी, त्या फॅब्रिकेशन विभागातही पीएम २.५ आणि हार्टच्या आजाराचा संबंध दिसलाच. तेव्हा आमच्याकडे भट्टी नाही, आम्हाला काय होतंय, हे पण बंद करा.

हूड बसवला आणि पाठीमागे पंखा लावला

हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता शॉपमध्ये शिरल्यावर आधी पंखेच शोधतो. लाखो खर्चून धूर ओढणारा हूड बसवतात आणि मग गरम होतंय म्हणून वेल्डरच्या पाठीशी मोठा पेडेस्टल फॅन, तो सगळा धूर हूडच्या तोंडापासून उडवून शेजारच्या माणसाच्या नाकात. मग म्हणे हूड कंपनीने फसवलं. साधी गोष्ट आहे, ओढणाऱ्या पाईपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं की हवेचा वेग साधारण दहा टक्केच उरतो, म्हणजे दहा इंची पाईप असेल तर दहा इंचावरच जोर संपला, आणि लोक तो दोन-तीन फूट लांब ठेवून काम करतात कारण जवळ ओढायचा कंटाळा. पंखा हलवा, तोंड जवळ आणा, मग नवीन फॅनचं कोटेशन मागवा.

तपासायला मी फार काही करत नाही, आजूबाजूचे लाईट बंद करायला लावतो, धुरापलीकडून चांगला टॉर्च मारायचा आणि अलीकडून, थोडं बाजूला उभं राहून, प्रकाशाच्या दिशेने बघायचं. एरवी न दिसणारी धूळ कुठे चाललीये ते लख्ख दिसतं. वेल्डिंग चालू असताना आर्ककडे नुसत्या डोळ्यांनी बघू नका, एवढं तरी सांगायला लागू नये.

बाकीच्या, पटापट

शिफ्ट संपल्यावर अंगावर आणि मशीनवर एअर मारणं. बसलेली धूळ परत उडवायचा यापेक्षा सोपा उपाय नाही. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, व्हॅक्यूम घ्या.

दाढीवर एन ९५. कडेने हवा आत येते, मास्क लावला काय नि नाही काय. आणि भट्टीजवळचा कार्बन मोनॉक्साईड त्याने अडत नाही, तो तर थेट हार्टचा ऑक्सिजन तोडतो.

ज्याला आधीच हार्टचा त्रास आहे त्याला डॉक्टरला न विचारता टाईट मास्क देऊन धुळीत उभा करणं.

"तो सिगारेट ओढतो, त्यामुळे झालं." ओढत असेल, म्हणून धूळ माफ होत नाही, दोन्हीचा भार एकाच हार्टवर पडतो.

मेडिकलमध्ये बीपी घाईत एकदा घेऊन मोकळं होणं. बसवा पाच मिनिटं, परत घ्या, साखर आणि कोलेस्टेरॉल पण बघा, आणि धुळीच्या कामावरचा माणूस आहे हे डॉक्टरला लिहून कळवा, त्याला स्वप्न पडत नाही.

काम करताना छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय आणि अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी घेऊन शिफ्ट पूर्ण करणं. हॉस्पिटल, लगेच, आणि स्वतः गाडी चालवत नाही.

डस्ट कलेक्टरचा फिल्टर बदलायला नवीन हेल्परला मास्कशिवाय पाठवणं. अख्ख्या महिन्याची धूळ तिथे जमलेली असते, आणि ते काम नेहमी सगळ्यात नवख्या पोराच्याच वाट्याला येतं.